तंजावरचे सरस्वती महाल आणि तेथील मराठी दफ्तर

आपल्या समाजाच्या ह्या वार्षिक स्मरणिकेत आजवर अनेक घराण्यांच्या वंशावळी प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि वाचकवर्ग त्या आवडीने वाचतो हे सर्वश्रुत आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, त्यास वृत्ती कोणी दिली, कुलदैवत कोणते, ही जिज्ञासा स्वाभाविक असून तीत गैर असे काही नाही. तथापि ह्या वंशावळी ज्या आधारावर रचल्या जातात तो आधार पुष्कळदा वडीलधाऱ्यांच्या तोंडची आठवण एवढाच असतो. कागद पाहिला आहे काय, असे विचारले असता, कागद होता पण तो मोडीत होता, कोणास वाचता येईना, असे उत्तर बहुधा मिळते. तो कागद पुढे कोठे गेला ह्याचे उत्तर मात्र मिळत नाही. म्हणून यंदा कोणा एका घराण्याविषयी न लिहिता, मराठी माणसांचे कागद मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर ज्या एका ठिकाणी टिकून राहिले, त्या ठिकाणाविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. ते ठिकाण म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर, व तेथील राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय.

तंजावरास मराठ्यांचे राज्य कसे आले हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचले आहेच. शहाजीराजे व तुकाबाई ह्यांचे पुत्र व्यंकोजीराजे ऊर्फ एकोजी ह्यांनी १६७६च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यापूर्वी तेथे नायक घराण्याचे राज्य होते, आणि राजवाड्यात ग्रंथ जमविण्याची चाल त्या नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेली होती. मराठ्यांनी ती मोडली नाही, उलट वाढविली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाल १६८४ ते १७१२) हे स्वतः ग्रंथकार होते. त्यांनी मराठीत नाटके रचिली. त्यांपैकी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक, आपण ज्यास मराठी रंगभूमीचा आरंभ मानतो त्या सांगलीच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाहून, म्हणजे १८४३हून, सव्वाशेंहून अधिक वर्षे जुने आहे. ही नाटके महाराष्ट्रास दीर्घकाळ ठाऊकच नव्हती. ती तंजावरच्या पोथ्यांत बांधलेली होती.

परंतु आज जे ग्रंथालय आपण पाहतो त्याचा खरा कर्ता म्हणजे सरफोजीराजे, दुसरे. ह्या पुरुषाचे चरित्र थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण वंशावळ आणि कागद ह्या दोहोंचा जो संबंध मला वाचकांपुढे मांडावयाचा आहे, तो त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतो.

सरफोजींचा जन्म १७७७चा. तुळजाराजांस औरस पुत्र उरला नाही, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये, मरणापूर्वी थोडेच दिवस, ह्या मुलास दत्तक घेतले. परंतु पंडितांनी हे दत्तविधान शास्त्रशुद्ध नाही असा निर्णय दिला आणि गादी तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह ह्यांस मिळाली. मुलाचे पालकत्व श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे होते. त्याने मुलाच्या शिक्षणाची व जीविताची काळजी वाहिली, त्यास मद्रासेस नेऊन ठेवविले, आणि दत्तकाचा प्रश्न कंपनी सरकारापुढे पुनःपुन्हा मांडला. पुढे पुन्हा पंडितांची मते मागविण्यात आली, ती सरफोजींच्या बाजूस पडली, आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. एकाच शास्त्राच्या आधारे दहा-अकरा वर्षांत दोन उलट निर्णय कसे निघाले, हा विचार सुज्ञ वाचकांनी स्वतःच करावा. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तला होता. राजाने त्याच्या स्मरणार्थ इंग्लंडातील फ्लॅक्समन ह्या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. एका मराठा राजाने, स्वधर्म न सोडता, परधर्मीय गुरूचे असे ऋण फेडावे ही गोष्ट आजही सांगण्यासारखी आहे.

गादी मिळाली, पण राज्य राहिले नाही. १७९९च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने सर्व मुलखाचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. राजाकडे तंजावरचा किल्ला व लगतचा थोडा भाग राहिला, आणि वर्षास एक लक्ष होन व वसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा अशी नेमणूक ठरली. त्या वेळी राजाचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ज्याचा गादीवरील हक्क दहा वर्षे वादात राहिला, आणि हक्क सिद्ध होताच ज्याचे राज्य गेले, अशा तरुण राजाने पुढे काय करावे?

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की, आपल्या कुळाचा इतिहास दगडावर कोरविला. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवालयात आवाराच्या भिंतीवर १८०३ साली, शके १७२५ मध्ये, भोसले वंशाचे चरित्र मराठी भाषेत व देवनागरी अक्षरांत कोरलेले आहे. त्याचा मजकूर बाबूराव चिटणीस ह्यांनी सिद्ध केला. एवढा विस्तृत मराठी शिलालेख दुसरा नाही. चोळ राजाने बांधलेले शिवालय, भोवती तमिळ शिलालेखांचे रान, आणि त्यात हे मराठी अक्षरांचे ताटवे पाहून कोणत्याही मराठी माणसाचा ऊर भरून यावा असे ते दृश्य आहे. परंतु ऊर भरून आला म्हणजे डोळे मिटावे असे नाही. ह्या लेखातील कित्येक सनावळ्या व प्रसंग इतर साधनांशी ताडून पाहता जुळत नाहीत, आणि इतिहाससंशोधक त्याचा उपयोग फार जपून करतात. ह्यात आश्चर्य ते काय? तो लेख काय घडले हे सांगण्यासाठी कोरविला गेला तसाच, कोणाचा हक्क खरा हे बजावण्यासाठीही कोरविला गेला. आपल्या कुलवृत्तांतांचेही पुष्कळदा असेच असते. ते लिहिणारा खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. पण त्यास काय सांगावयाचे आहे ते लेखणी हाती घेण्यापूर्वीच ठरलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी ग्रंथ जमविले. १८२० ते १८२२ ह्या काळात त्यांनी मोठ्या परिवारानिशी काशीयात्रा केली, आणि तीर्थोदकाबरोबर संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रहही तेथून आणिला. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, डॅनिश इत्यादी युरोपीय भाषांतील साडेचार हजारांच्या आसपास ग्रंथ त्यांनी खरेदी केले. त्यांपैकी पुष्कळांवर राजाची स्वतःची इंग्रजी सही आहे. वाड्यात देवनागरी छापखाना घालून तेथे त्यांनी ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर १८०६ मध्ये छापविले. त्या वेळी पुण्यास पेशवाई नांदत होती आणि मुंबई-पुण्याकडे मराठी क्रमिक पुस्तकांचा मागमूसही नव्हता. धन्वंतरी महाल नावाच्या त्यांच्या आरोग्यशाळेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी व इंग्रजी अशा सर्व पद्धतींचे वैद्य असत. ह्या शाळेच्या कामकाजापैकी नेत्ररोग्यांची इंग्रजी टिपणे ग्रंथालयात राहिली आहेत. रोगी कोण, त्यास काय व्यथा होती, उपचार कोणता केला व गुण आला किंवा नाही, हे त्यांत नोंदिलेले असून काहींसोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. अशी ४४ रोग्यांची टिपणे अलीकडे नेत्रवैद्यांनी अभ्यासून प्रसिद्ध केली. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या गरीब रोग्यांची नावे कोणत्याही भिंतीवर कोरलेली नाहीत, पण ती कागदावर आहेत.

ग्रंथालयात आज सुमारे ४९,००० हस्तलिखिते असल्याचे सांगतात. त्यांतील बहुतेक, म्हणजे ३९,०००च्या वर, संस्कृत आहेत. ताडपत्रावर तशीच कागदावर, आणि ग्रंथ, तेलुगू, नंदिनागरी, देवनागरी अशा नाना लिप्यांत. तमिळ व तेलुगू पोथ्या आहेत. मराठी पोथ्या ३,०००हून अधिक असून त्यांत त्या प्रांतातील रामदासी व दत्तसंप्रदायी मठांतील वाङ्मय पुष्कळ आहे. किडीपासून रक्षण करण्यासाठी वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरे, दालचिनी ह्यांची भरड कापरासह पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची तेथील जुनी रीत आहे. आपल्या घरातील आजीबाईंस ह्यांपैकी कोणतीही वस्तू नवी वाटणार नाही. स्वयंपाकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की सरफोजींच्या काळची ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ ही मराठी पोथीही ह्याच संग्रहातील असून ग्रंथालयाने ती छापली आहे. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मुदपाकखान्यात संभाजीराजांच्या नावावरून निघाला, ही कथा अलीकडे जो तो सांगतो. तिला भरवशाचा समकालीन आधार मात्र कोणी पुढे आणलेला नाही. कथा रुचकर आहे, एवढेच तूर्त म्हणावे.

ह्या संग्रहाने महाराष्ट्रास काय दिले, ह्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. शिवछत्रपतींची जन्मतिथी बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७, अशी मानण्याचा प्रघात होता. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी तिथी निघाली. एका घराण्याच्या दफ्तरातील शकावलीवर विसंबून एवढी रूढ तिथी बदलावी काय, असा वाद माजला. पुढे सदाशिव महादेव दिवेकर ह्यांनी तंजावरच्या ह्या ग्रंथालयातून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य उजेडात आणिले; ते १९२७ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. परमानंद हा महाराजांच्या समकालीन, त्यांच्याच आश्रयाचा कवी. त्याच्या काव्यातही जेधे शकावलीचीच तिथी आढळली. मावळातील एका देशमुख घराण्याचे दफ्तर आणि कावेरीच्या खोऱ्यातील एक पोथी ह्यांची परस्परांस ओळख असणे शक्य नाही. अशा दोन साक्षी जुळल्या म्हणजे मग संशयास जागा थोडी उरते. महाराष्ट्र शासन आज जी १९ फेब्रुवारी पाळते, तिच्या मागे ही पोथी आहे. जयराम पिंड्ये ह्याचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’, म्हणजे पन्हाळा घेतल्याचे काव्य, तेही दिवेकरांनी तंजावरच्या पोथीवरूनच १९२३ मध्ये छापले. त्याच कवीचे शहाजीराजांविषयीचे ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले.

आता प्रश्न असा, की राज्य गेले, गादी गेली, तरी हा संग्रह राहिला कसा? तो सहज राहिलेला नाही. सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५च्या ऑक्टोबरात पुत्रावाचून निवर्तले. कंपनीने संस्थान तर खालसा केलेच, पण वाड्यातील जडजवाहीर, चीजवस्तू ह्यांवरही जप्ती बसविली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लाविला आणि तेथे तो जिंकला. कंपनीने विलायतेस प्रिव्ही कौन्सिलाकडे अपील केले. १८५९ मध्ये कौन्सिलाने निकाल दिला की, ही जप्ती सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य असल्याने कोर्टास तीत हात घालता येत नाही. कायद्याने राणी हरली. परंतु ह्या दाव्याचा बभ्रा एवढा झाला की सरकारने पुढे १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता, हक्क म्हणून नव्हे पण कृपा म्हणून, राण्यांस परत केली. ग्रंथसंग्रह वाड्यात राहिला तो असा. नागपूरकर भोसल्यांचे जडजवाहीर त्याच सुमारास कलकत्त्यास लिलावात गेले, हे आठवले म्हणजे तंजावरच्या ह्या विधवा राणीने काय केले हे नीट ध्यानात येते.

१८७१च्या सुमारास बर्नेल नावाच्या न्यायाधीशाने पोथ्यांची वर्गवार यादी करण्याचे काम हाती घेतले. तंजावरची न्यायाधीशी सांभाळून त्याने हजारो संस्कृत पोथ्या डोळ्यांखालून घातल्या, आणि ती यादी १८८०मध्ये लंडनला छापली गेली. दोनच वर्षांनी तो वारला. वय अवघे बेचाळीस. यादी छापली गेल्यामुळे एक मोठी गोष्ट झाली: कोणती पोथी येथे आहे हे जगास कळले, आणि जी वस्तू आहे हे जगास ठाऊक आहे ती गुपचूप नाहीशी करणे कठीण होते. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ग्रंथालय सर्वांस खुले झाले. १९२८ ते १९३४ ह्या काळात पी. पी. एस. शास्त्री ह्यांनी संस्कृत पोथ्यांची वर्णनात्मक सूची १९ खंडांत प्रसिद्ध केली. १९८३मध्ये भारत सरकारने ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून घोषित केली.

ह्या सगळ्या मालिकेत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेल. बर्नेलची यादी संस्कृताची. शास्त्र्यांचे १९ खंड संस्कृताचे. ह्या पंडितांस दोष देण्याचे कारण नाही, कारण वेद, शास्त्रे, काव्ये ही विद्या, आणि तिची यादी आधी व्हावी हे रास्तच होते. पण त्याच वाड्यात आणखी एक संग्रह होता. मोडी लिपीत, मराठी भाषेत लिहिलेले राजदरबारचे दफ्तर! त्याचे १३००हून अधिक गठ्ठे ग्रंथालयात आहेत. त्यांत ना व्याकरण, ना अलंकार. कोणास किती वेतन दिले, कोणत्या देवालयास काय नेमणूक, कोणत्या अन्नछत्रात किती माणूस जेवले, हत्तीघोड्यांस दाणा किती, कोणत्या गवयास शालजोडी दिली, कोणाच्या लग्नास काय आहेर गेला, असा तो जमाखर्च. ही विद्या आहे असे पुष्कळ काळ कोणास वाटलेच नाही.

वास्तविक राज्य म्हणजे काय हे पाहावयाचे असेल तर ते ह्या जमाखर्चातच. उदाहरणार्थ अन्नछत्रे घ्या. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर व अन्यत्र छत्रे बांधिली, आणि त्यांस आपल्या राजस्त्रियांची नावे दिली. ओरत्तनाडूचे मुक्तांबापुरम्, नीडामंगलमचे यमुनांबापुरम् ही त्यांतील प्रसिद्ध होत. तहानंतर ह्या छत्रांच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला, तेव्हा सरफोजीराजांनी १८०१ मध्ये तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटास लिहून कळविले की, येथे सर्व जातींच्या वाटसरूंस अन्न मिळते, पंगू, अंध, वृद्ध ह्यांस शिधा मिळतो, आजारी पडलेल्यास वैद्य व औषध मिळते, गरोदर स्त्रियांची व्यवस्था होते. ही धर्मकृत्ये माझ्या हातून काढून घेऊ नका. राज्य सोडताना ज्याची जीभ अडखळली नसेल तो राजा छत्रांसाठी असा कळवळून लिहितो. त्याचे म्हणणे खरे होते किंवा नव्हते, हे तपासण्याचे साधन मोडी दफ्तर. राजाचे पत्र ही झाली भिंतीवरच्या लेखासारखीच एक कैफियत. तांदळाचा हिशेब ही साक्ष.

ही साक्ष पुढे कोणी वाचली, तर तमिळ विद्वानांनी. तंजावरास तमिळ विद्यापीठ १९८१ मध्ये स्थापन झाले, आणि त्या विद्यापीठाने १९८० नंतरच्या दशकात ह्या मोडी कागदांचे निवडक तमिळ भाषांतर टिपणांसह तीन खंडांत छापले. के. एम. वेंकटरामय्या ह्यांनी मराठा राजांच्या काळातील राज्यकारभार व समाजजीवन ह्यांवर १९८४ मध्ये मोठा तमिळ ग्रंथ लिहिला, त्याची बैठकही ह्याच कागदांची. म्हणजे स्थिती अशी झाली की, मराठी राजाने मराठी भाषेत ठेवविलेला हिशेब तमिळ वाचकास आपल्या भाषेत वाचावयास मिळतो, आणि पुण्या-नाशिकच्या मराठी वाचकास तोच कागद समोर ठेविला तरी कुलूप लावल्यासारखा दिसतो. तमिळ विद्वानांचे ह्याबद्दल आपण मनःपूर्वक आभार मानिले पाहिजेत; त्याच वेळी थोडी लाजही वाटावयास हवी.

मोडी म्हणजे काही दुसरी भाषा नव्हे. ती मराठीच, फक्त बोरू न उचलता भरभर लिहावयाची. शिरोरेघ आधी कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढावयाची आणि मग तिला अक्षरे लटकावीत जावयाचे. शब्द तोडावयाचा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. स्वातंत्र्योत्तर काळात ती प्राथमिक शाळांतून गेली, छपाईच्या व टंकलेखनाच्या सोयीसाठी गेली, आणि त्या काळी ते अपरिहार्यही असेल. पण दोन पिढ्यांत परिणाम असा झाला की आजोबांचे खरेदीखत नातवास वाचता येत नाही. लिपी लागली तरी काळ लागत नाही, ही आणखी एक अडचण. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहितात. ‘सबा सबैन मया व अलफ’ असे आले तर सात, सत्तर, शंभर व हजार, मिळून ११७७. त्यात ५९९ मिळविले म्हणजे १७७६, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने कागद पुढील जानेवारी ते मे ह्या महिन्यांतला असेल तर ६०० मिळवून १७७७. हे गणित चौथीतल्या मुलासही येईल. ते कोणी सांगत नाही एवढेच. निवृत्तीनंतर मी ही लिपी शिकलो. रोज तास-दीड तास दिला तर सहा महिन्यांत स्वच्छ हाताचा कागद लागू लागतो, असा स्वानुभव आहे. घाईच्या हाताचा कागद मात्र वर्षानंतरही छळतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तराची हकीकत ह्याहून निराळी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ते कागद इंग्रजांनी गोळा केले ते इतिहासासाठी नव्हेत, इनामे कोणाची खरी व सारा किती बसवावा हे ठरविण्यासाठी. त्यामुळे ते जतन झाले, पण अभ्यासकांस ते फार काळ दुर्लभ राहिले. शेवटी रियासतकार सरदेसाई ह्यांनी निवडलेले कागद १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ भागांत छापून निघाले तेव्हा कोठे त्याची कल्पना लोकांस आली. सरकारी दफ्तरांबाहेरचे कागद, म्हणजे देशमुख-देशपांडे, कुळकर्णी, जोशी, सावकार, मठ, देवस्थाने ह्यांच्या घरचे, ते वाचले ते मुख्यत्वे राजवाडे ह्यांच्या पायपिटीमुळे. वाईस मिळालेल्या कागदांचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. पुढे असे २२ खंड झाले. किती माळे त्यांनी धुंडाळले आणि किती ठिकाणी त्यांच्या आधी वाळवी पोहोचली होती, ह्याची गणतीच नाही.

आपल्या समाजातील घरांतही असे कागद आहेत हे मी पाहून सांगतो. वाटणीपत्रे, गहाणखते, महजर, वृत्तीच्या सनदांच्या नकला, तीर्थोपाध्यायांस दिलेले लेख, लग्नाच्या खर्चाच्या याद्या. त्यांत मूळ पुरुषाचा पराक्रम सापडेलच असे नाही. भाऊबंदकी सापडेल, कर्ज सापडेल, दुष्काळात विकलेले शेत सापडेल, आणि ज्या आजी-पणजीचे नाव वंशावळीत ‘पत्नी’ एवढ्या शब्दात संपते तिची निशाणी एखाद्या खतावर सापडेल. काहींस हे छापणे कमीपणाचे वाटते. एका घरी तर वाटणीच्या भांडणाचे कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून ते न्हाणीच्या बंबात घातले गेले, असे मला तेथील वडीलधाऱ्यांनीच सांगितले. दीडशे वर्षांपूर्वीच्या भांडणाची आज कोणास लाज वाटावी, हे मला उमगत नाही.

तंजावरच्या ग्रंथालयात राजघराण्याच्या पोथ्यांबरोबर खाजगी घरांचे संग्रहही येऊन मिळाले. तंजावरचे जंबुनाथभट लांडगे, कुंभकोणमचे कागलकर व पतंग अवधूत ह्यांनी आपल्या घरच्या पोथ्या ग्रंथालयास दिल्या. हे कोणी राजे नव्हते. महाराष्ट्रातून जाऊन कावेरीकाठी राहिलेली ही विद्याव्यासंगी घराणी. त्यांच्या वंशाची मोठी बखर कोणी लिहिली असेल-नसेल, पण ग्रंथालयाच्या इतिहासात त्या संग्रहांचा उल्लेख आजही त्यांच्याच नावाने होतो.

कुलवृत्तांताचे काम करणाऱ्या आपल्या मंडळीस म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. कागद मिळाल्यास तो चिकटपट्टीने जोडू नये. तिचा डिंक दहा वर्षांत कागद खातो. प्लॅस्टिकात घालून गरम यंत्रातून काढू नये, कारण तो पुन्हा कधीच मोकळा होत नाही. उन्हात वाळवू नये, सावलीत वाऱ्यावर ठेवावा, आणि धुतलेल्या साध्या सुती रुमालात सैल बांधावा. बांधलेल्या गठ्ठ्यातील क्रम आपल्या मर्जीने बदलू नये. बांधणाऱ्याने ते कागद एकत्र का ठेविले ह्यालाही अर्थ असतो. छायाचित्र घेताना कागदाची पाठही घ्यावी. शिक्का, शेरा, पोहोचल्याची तारीख बहुधा तेथेच असते, आणि नेमकी तीच नक्कल करताना राहून जाते. मूळ कागद घरी ठेवावयाचा की पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस द्यावयाचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण कागद कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या गठ्ठ्यात मिळाला, आणि त्या दिवशी त्याची स्थिती कशी होती, हे छायाचित्राबरोबरच एका कोऱ्या कागदावर स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहून, तारीख घालून, ते टिपण त्या गठ्ठ्यातच ठेवावे.